बाबांची बंदूक तुझ्याकडेच होती

गुलंबा, मंगळवार, दुपार

तीर्थरूप आयव्ही आत्या हिला,

नोलीनचा नमस्कार. वाकून केलाय असं समज, कारण खरंच वाकले असते तर कंबर तशीच अडकून राहिली असती आणि हे पत्र जमिनीवर बसून लिहावं लागलं असतं. तुझा नवा गुडघा बसवला का? बसवला असेल तर चालून बघ, आणि खटखट वाजत असेल तर डॉक्टरला लगेच सांग, लाजू नकोस. समुद्राचा वारा मानवतो ना? मांजर अजून आहे ना? आम्ही इथे सगळे बरे. पाऊस नाही. मेंढ्या उभ्या आहेत. रॉस बरा आहे (म्हणजे बोलत नाही, म्हणजे बरा आहे, माझा नवरा बोलायला लागला की समजावं काहीतरी मोडलंय). बाबांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आता त्यांना पार तिकडच्या कुंपणावर बसलेला पक्षी दिसतो आणि ताटातलं बटाट्याचं साल दिसत नाही. कान मात्र तसेच आहेत, मी मनात शिवी दिली तरी त्यांना ऐकू जाते. म्हणून फोन न करता पत्र लिहितेय, तेही कपडे धुवायच्या खोलीत बसून, मशीन चालू ठेवून. मी शाळेत किती दिवस टिकले ते तुला ठाऊक आहे. अक्षर लागलं नाही तर अंदाजाने वाच.

आत्या, सरळच सांगते. सहा वर्षांपूर्वी मी तुझं नाव घेऊन एक खोटं बोलले. तुला कळवायचं राहून गेलं.

सत्त्याण्णव साल आठव. सरकारने लोकांना बंदुका जमा करायला लावल्या होत्या, आणि बाबा तेव्हा पित्ताशयाच्या खड्यांनी हॉस्पिटलात होते. घरी तो चार पानी फॉर्म आला. मी पहिलं पान वाचलं, तिसरं वाचलं, दुसरं पहिल्याला चिकटलेलं होतं (आणि खरं सांगायचं तर चिकटलेलं नसतं तरी मी ते वाचलं असतं असं नाही). मला वाटलं सगळ्याच द्यायच्या, नाहीतर पोलीस बाबांना खाटेवरून उचलून नेतील. म्हणून इथल्या कपाटात इस्त्रीच्या फळीमागे घोंगडीत गुंडाळलेली त्यांची ती जुनी लष्करी थ्री-नॉट-थ्री उचलली, उघडूनसुद्धा बघितली नाही, आणि जत्रेच्या मैदानावर नेऊन दिली. तिथे एक यंत्र होतं. त्यात ती घोंगडीतून काढून घातली आणि माझ्या डोळ्यांदेखत पावाच्या कडेसारखी वाकली. नंतर आठ दिवसांनी मला कळलं, की तसली, दर गोळीला हाताने खिट्टी ओढायची बंदूक परवाना काढून ठेवता येत होती. दुसऱ्या पानावर लिहिलं होतं म्हणे.

बाबा घरी आले. तिसऱ्या दिवशी चहा पिताना म्हणाले, "नोलीन, कपाटातली कुठे गेली?" चाळीस वर्षं त्या माणसाने नेमबाजी क्लबातर्फे त्या बंदुकीने नेम धरलाय. पोटाला टाके होते. मी काय सांगणार होते? माझ्या तोंडातून निघून गेलं, "आयव्ही आत्याकडे आहे, तिच्याकडे सुरक्षित आहे." बाबांनी कप खाली ठेवला. चेहरा बिटासारखा लाल झाला. माझ्याकडे बघत राहिले, बघत राहिले, आणि म्हणाले, "आयव्हीकडे." मग म्हणाले, "बरं." त्यानंतर सहा वर्षं त्या बंदुकीचं नाव त्यांनी काढलं नाही. मला वाटलं मन मोडलं त्यांचं. मीही काढलं नाही. बरं चाललं होतं.

आता हा डोळेवाला डॉक्टर. ऑपरेशन चांगलं झालं म्हणाला, पण डोळ्यामागे दुसरं काहीतरी कुरतडतंय, पुढच्या शरद ऋतूपर्यंत लक्ष्य दिसेल असं सांगत नाही म्हणाला. बाबा घरी आले, मटणाची हाडं चोखली, बोटं पुसली आणि म्हणाले, "अँझॅक दिनाचं सैनिकांचं संचलन झालं की त्यानंतरच्या रविवारी क्लबात जुन्या बंदुकांची स्पर्धा आहे. तीनशे यार्ड, पालथं पडून, दहा गोळ्या. मी एकदा मारतो. नोलीन, आयव्हीकडून माझी मागव." रॉस ताटाकडे बघत राहिला. नंतर मेंढ्यांना पाणी सोडताना तो म्हणाला, "सांगून टाक." दोन महिन्यांत तो एवढंच बोललाय.

मी सांगणारच होते. दोनदा गेले सांगायला. पहिल्यांदा गेले तर बाबा ओसरीवर बसून जुन्या चामड्याच्या पट्ट्याला तेल चोळत होते, बंदूक नाही पण पट्टा आहे. दुसऱ्यांदा गेले तर ओसरीवर पालथे पडलेले. मी किंचाळलेच, म्हटलं गेले. तर ते हातात झाडू धरून पाण्याच्या टाकीवरच्या काकाकुवावर नेम धरत होते. मला म्हणाले, "हलू नकोस, श्वास सोडलाय." त्र्याऐंशी वर्षांचा माणूस झाडूने नेम धरतोय आणि मी त्याला सांगू, की तुमची बंदूक मी वाकवून आले? तुझी छाती असेल तर तू सांग. माझी नाही.

म्हणून ठरवलं, तशीच दुसरी आणायची. लिथगोच्या कारखान्यातली, पहिल्या युद्धातली, लाकूड नळीच्या तोंडापर्यंत आलेलं. आधी परवाना. बाबांना त्यात संशय यायचं कारण नव्हतं, कोणाकडूनही आणली तरी कागद लागणारच. त्यासाठी मला क्लबात नाव घालावं लागलं, परीक्षा द्यावी लागली (तोंडी घ्या म्हटलं, घेतली), आणि प्रत्यक्ष मारूनही दाखवावं लागलं. बाबाच शिकवायला आले. "खांद्याला घट्ट लाव, नोलीन, पाहुण्याशी हात मिळवल्यासारखी धरू नकोस!" खांदा आठ दिवस जांभळा होता. मग पोलिसातली टेगन नावाची पोरगी भिंतीतलं लोखंडी कपाट बघायला आली. ते रॉसने बसवलेलं, दोन्ही हातांनी गदागदा हलवून बघितलं तिने. मग तिचे प्रश्न. काडतुसं वेगळी ठेवणार ना, किल्ली कोण ठेवणार, घरात कोणी उदास आहे का? मी म्हटलं, बाई, घरात माझ्याशिवाय कोणी काळजीच करत नाही, उदास कधी होणार. तिने ते लिहून घेतलं. ते का लिहून घेतलं, या विचाराने मी पुढचे अठ्ठावीस दिवस काढले. कारण कागद यायला अठ्ठावीस दिवस लागतात, आणि अठ्ठाविसाव्या दिवशी येत नाही तो एकोणतिसाव्या दिवशी येतो.

तोवर शोध. पेंडीच्या दुकानातल्या फळ्यावर चिठ्ठी होती, केल्विन स्ट्रॅक नावाच्या माणसाची: पहिल्या युद्धातली, एकही भाग बदललेला नाही. दोन तास गाडी हाणली. त्याने मला बैठकीच्या खोलीत नेलं. म्हटलं बंदूक कुठाय? म्हणाला, "ही काय." कोपऱ्यात उभी. वर गुलाबी झालरीची टोपी, नळीतून वायर, खाली लाकडाचा ठोकळा. त्याने बटण दाबलं आणि खोलीत उजेड पडला. मी म्हटलं, अहो, मला ही मारायची आहे. तो म्हणाला वायर काढली की झालं. मी खाली वाकून बघितलं तर वायरला वाट हवी म्हणून गोळी जिथे बसते तिथेच त्याने हे एवढं भोक पाडलेलं. तेवढ्यात आतून त्याची बायको, "केल्विन, तो दिवा विकलास तर मी विणू कशाच्या उजेडात? तुझ्या टकलाच्या?" त्यांचं जुंपलं. मी चहा संपवला आणि निघाले. दुसरीकडे एकाने रानडुकरांच्या मागे धावायला सोपी पडावी म्हणून पुढचं सगळं लाकूड करवतीने कापलेलं. तिसऱ्याची चांगली होती, पण नळीला ताज्या धुराचा वास होता; तिच्यातून तो काल काय झाडत होता आणि परवाना कुठाय, हे विचारल्यावर तो म्हणाला, "कोणती बंदूक?" आणि माझ्यासमोर ती पोत्याखाली सारली. मी पळाले, आत्या. टेगनने लिहून घेतलेलं वाक्य डोळ्यांसमोर नाचत होतं.

मग ते पेनफादर. निवृत्त दातांचे डॉक्टर, जुनी शस्त्रं जमवतात. (त्या दिवशी मी बाबांना दातांच्या डॉक्टरकडे जातेय म्हणून सांगितलं. या सगळ्यात तेवढं एकच खरं बोललेय.) काचेच्या कपाटात अकरा बंदुका, एकेकीला स्वतंत्र दिवा. मला पांढरे हातमोजे दिले. लोकर कातरणाऱ्या तीस माणसांचा स्वयंपाक करून करून झालेले माझे हात त्यात कुठले जायला? अंगठ्यावर घालून बसले. पण माणूस जाणता. नंबर तीन ठिकाणी असतो, तिन्ही जुळायला हवेत. खिट्टी दुसऱ्या बंदुकीची असली तर गोळी मागून तुमच्या तोंडावर येऊ शकते. नळीचं तोंड झिजलंय का बघायला काडतुसाचं टोक त्यात उलटं घालायचं. पितळेपर्यंत बुडालं तर नळी गेली, बाहेर राहिलं तर अजून जीव आहे. त्यांच्याकडची एक तर हुबेहूब बाबांची. हातात घेतली आणि माझा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी विचारलं, "आपण ही कुठे मांडणार?" मी म्हटलं, मांडणार कुठे, मारणार. आत्या, दारुड्याच्या हातातून मूल काढून घ्यावं तशी त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली. "बाई, ही ऐंशी-पंच्याऐंशी वर्षं जपलीय ती मारण्यासाठी?" मी म्हटलं, मग बनवली कशासाठी होती, दात कोरायला? हे बोलायला नको होतं. त्यांनी मला दारापर्यंत पोचवलं, आणि दार लावता लावता तिरस्काराने म्हणाले, "मारून वाट लावलेलीच हवी असेल, तर तुमच्याच गावाकडे मॅडिगन म्हणून एक गृहस्थ होते. ते दर शनिवारी वापरायचे."

मॅडिगन! माझ्या फाटकापासून नऊ मैल! दोन महिने मी चाकं झिजवतेय, आणि तो माणूस मेला तेव्हा फुलं मीच नेली होती. पण आत्या, मॅडिगनची विधवा म्हणजे उना, आणि उना म्हणजे एक्क्याण्णव सालच्या जत्रेतला फ्रूटकेक. परीक्षकाने पहिला नंबर मला दिला, आणि ती सगळ्या तंबूला ऐकू जाईल अशी म्हणाली की नोलीनचा केक मध्ये कच्चा आहे. तेव्हापासून आम्ही बोललो नव्हतो. फुलंसुद्धा मी तिच्या हातात न देता शवपेटीवर ठेवली होती.

गेले. दुसरं काय करणार? तिने दार उघडलं, आत ये म्हणाली नाही. मी उंबऱ्याबाहेर उभं राहून सगळं सांगितलं, यंत्र, तू, झाडू, सगळं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "देते. पण आधी एक कबूल कर." मी म्हटलं काय. म्हणाली, "तुला ठाऊक आहे काय." बारा वर्षं, आत्या! मी आजूबाजूला बघितलं, कुत्र्याशिवाय कोणी नव्हतं, आणि म्हणाले, माझा केक मध्ये कच्चा होता. ती म्हणाली, "मोठ्याने." मोठ्याने म्हणाले. (कच्चा नव्हता. ओलसर होता. फ्रूटकेक ओलसरच असतो. हे तुझ्यामाझ्यात.) मग तिने आत घेतलं, चहा दिला आणि रडली, मला वाटतं केकमुळे नव्हे.

बंदूक तालुक्याच्या बंदूक-विक्रेत्याकडे ठेवलेली होती, नवरा गेल्यावर नियमाने द्यावीच लागली. तिन्ही नंबर जुळले. काडतुसाचं टोक बाहेर राहिलं. क्लबातल्या जाणत्याने मापं घालून तपासली, म्हणाला बिनधास्त मारा. बाबांच्या मूळ बंदुकीच्या लाकडात तीन खाचा होत्या, तीन वेळा जिल्हा जिंकल्याच्या. त्या मी खिशातल्या चाकूने पाडल्या, काळा चहा आणि बुटाचं पॉलिश चोळलं. तीनच होत्या ना? रॉसला विचारलं तर म्हणाला, मोजल्या नाहीत. मग तो एकदम खांदे हलवून हसला, तेव्हा मला जास्तच भीती वाटली.

आज सकाळी ओसरीवर बाबांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी लाकडावरून हात फिरवला. खिट्टी ओढली, लावली, ओढली, लावली. खांद्याला लावली, गाल टेकवला. मग गाल उचलला, जरा मागे सरकले, पुन्हा टेकवला. आणि म्हणाले, "हं."

मी म्हटलं, हं काय? "काही नाही. आयव्हीने पाठवली?" हो बाबा. "स्वतः?" स्वतः. "हं." आणि मग, आत्या, मग ते म्हणाले, "शनिवारी तिला फोन करतो. आभार मानायला हवेत." सकाळपासून माझ्या हातून दोन कप फुटलेत. तो हं कसला होता? तू त्यांची बहीण आहेस, लहानपणापासून त्यांचे हं ऐकतेयस, तुला कळत असेल. मला विचारशील तर आनंदाचा असा नसतो.

बाकी सर्व ठीक. रविवारी स्पर्धा आहे. जमलं तर नव्या गुडघ्यासकट ये, तुला बघून बाबांना बरं वाटेल, गादी घालून ठेवीन. मशीन थांबलं, मला थांबायला हवं.

तुझी भाची,
नोलीन

ता. क. रविवारी येऊ नकोस. तुझ्या तोंडावर सगळं दिसतं. पाय दुखतोय म्हणून सांग, नवा असला तरी.

ता. क. दुसरा. आता मुख्य. शनिवारी बाबा फोन करतील तेव्हा म्हणायचं, बंदूक माझ्याकडेच होती, सहा वर्षं नीट ठेवली, मीच गुंडाळून पाठवली. एवढंच. कशात गुंडाळली विचारलं तर जुन्या चादरीत. जास्त विचारलं तर दारावर कोणी आलंय म्हण. मी शेजारीच बसलेली असेन, काही चुकलंस तर खोकेन. आत्या, या वयात तुला खोटं बोलायला लावतेय, माफ कर. पण त्यांना निवांत मनाने दहा गोळ्या मारू देत. नंतर मी स्वतः सांगीन. बहुतेक.

ता. क. तिसरा. पत्र बुधवारच्या टपाल गाडीला बाबाच देतील, फाटकापर्यंत चालणं त्यांना आवडतं. काळजी नको, जवळचं अक्षर त्यांना दिसत नाही. घाई घाईत पाकीट चिकटवायचं राहिलं तर तेही त्यांनाच सांगते.

आयव्ही, मी क्लॅरी. पाकीट चिकटवायचं काम माझ्याकडे आलंय, म्हणून मागच्या कोऱ्या बाजूला सुताराच्या पेन्सिलीने हे लिहितो. मोठं लिहितो, माझं मला तरी दिसावं. नोलीनने पुढे काय लिहिलंय ते मला दिसत नाही, केकचं काही असेल. तुला एकच विचारायचंय. सत्त्याण्णव साली हॉस्पिटलात जायच्या आधी मी माझी बंदूक तुझ्याकडे आणून ठेवली, ती अजून तुझ्या कपाटावर जमिनीला घालायच्या त्या लिनोलियमच्या गुंडाळीत आहे का? इथल्या कपाटात मी घोंगडीत क्लबातली कवायतीची ठेवून आलो होतो, नळी बुजवलेली. म्हटलं, सरकारला द्यायची वेळ आली तर पोरगी ती देईल. आणि घरी आलो तर पोरगी तोंडावर म्हणाली, आयव्हीकडे आहे! मला दरदरून घाम फुटला. तिला सगळं कळलंय असं धरून मी सहा वर्षं तोंड उघडलं नाही. आता तिने तुझ्याकडची म्हणून जी आणलीय ती माझी नाही. माझ्या बंदुकीचा खांद्याला टेकायचा दस्ता लांब मापाचा होता, हिचा मधल्या मापाचा. गाल टेकवला तसं कळलं. मग ही कोणाची? आणि माझी कुठाय? शनिवारी फोन करीन तेव्हा नोलीन कानाला कान लावून बसणार. माझी जागेवर असेल तर नुसतं म्हण, इकडे पाऊस आहे. असली तरी पाठवू नकोस. हात आखडलेत आता, ही मधल्या मापाचीच मला बरी बसते, रविवारी हिनेच मारणार. फक्त नोलीनला काही कळू देऊ नकोस. तिला कळलं, की मी तिला फसवून बंदूक लपवली होती, तर आयव्ही, या घरात माझी धडगत नाही.